चांगुणाने मागून घेतलेली ड्युटी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. कडुनिंबाच्या लाकडाचा, चार पायांचा, पाठ नसलेला. पाठ नाही म्हणून माझ्यावर कोणी फार वेळ रेलून बसत नाही, आणि म्हणूनच मला बघायला माणसं भरपूर मिळाली. जानेफळच्या शिवारात मी झाड होतो तेव्हा दिवसभर नुसता डोलायचो. ती खोड अजून गेलेली नाही. तुम्हाला वाटतं, लाकूड मुकं पडलं आहे. अहो, मी स्वप्नात असतो!

जानराव सुताराने मला घडवलं. रंधा मारता मारता तो माझ्याशी बोलायचा. "लेका, तू काही राजाच्या वाड्यात जाऊन नाही राह्यला. पण बसणाऱ्याले कुसळ टोचू देऊ नको, म्हणजे झालं." मग बैलगाडीत पडून मी चिखलीला आलो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि गावात एक धर्मार्थ दवाखाना नवा उघडला होता. तिथे बायकांच्या खोलीत, भिंतीला लागून मला ठेवलं. माझी सगळी उमर तिथेच गेली.

त्या दवाखान्यात आयाबाईंच्या तीन ड्युट्या असत. रात्रीची, दुपारची आणि पहाटेची. मोठ्या सिस्टर होत्या सत्यभामाबाई. बोलायला कडक, पण पोटात माया. त्यांचा एक रिवाज होता. नव्या बाईने तिन्ही ड्युट्या करून बघायच्या आणि मग आपल्या तोंडाने एक मागायची. एकदा मागितली की वर्षभर तीच. मागून "बाई, बदलून द्या" हे रडगाणं चालायचं नाही.

अशीच एक नवी बाई आली, चांगुणा. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. नवरा पुंजाजी कापसाच्या जिनात हमाली करायचा. घरात सासू, केसरबाई. त्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं पहिलं माणूस म्हणजे ही चांगुणा. त्यामुळे नोकरी टिकवायची, हा एकच घोर तिच्या जिवाला होता. तिची पहिली ओळख झाली जुन्या आया सिंधूताईंशी. जयभीम घालून झाल्यावर सिंधूताईंनी लगेच शहाणपण शिकवलं. "रातची घे वं. कोणाची कटकट नाही, काही नाही."

रात्रीची केली तिने. पण दिवे लागले की तिच्या पापण्या जड व्हायच्या. डोळ्यांना पाणी लाव, स्वतःला चिमटे काढ, सगळं करून पाहिलं. शेवटी एकदा बसल्या बसल्या तिचा डोळा लागलाच. एक बाळंतीण पाणी मागत राहिली आणि हिला पत्ता नाही. सिस्टरांनी सकाळी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल." त्या दिवशी ती माझ्यावर बसून पदरात तोंड खुपसून रडली. मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार? लाकूडच मी.

मग दुपारची ड्युटी. ही सासूच्या आवडीची. "सकाळी भाकऱ्या टाकशील, पुंजाजीले डबा देशील, मंग आरामशीर जाशील. दुपारचीच माग," असं केसरबाईने तिला बजावून ठेवलं होतं. दुपारी खोलीत झोप दाटलेली असायची. खिडकीतून ऊन यायचं, पंखा कुरकुरायचा, रोगी घोरायचे, मीही पेंगायचो. मग एकदम भेटायला येणाऱ्यांचा गोंधळ उडायचा. चांगुणाच्या हातून मोठी चूक अशी झाली नाही, पण कामात जीवही नव्हता. गरम पाण्याची पिशवी एकीला द्यायची ती दुसरीच्या उशाशी ठेवून यायची. तरी तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणी नसलं की ती माझ्याजवळ बसून पुटपुटायची, "बाई, मले दुपारची द्या. बाई, मले दुपारची द्या." पाठ करत होती बिचारी.

राहिली पहाटेची. कोंबडं आरवलं की ही ड्युटी लागायची. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा, खरं सांगतो, मी तिला ओळखलंच नाही! डोळे टवटवीत, पाय हलके. खिडकीत अजून राखी उजेड होता. तिने एकेकीचं तोंड पुसलं, केस विंचरले, चादरी ताणल्या. कोणाला दचकवलं नाही की कोणावर करवादली नाही. ती इकडून तिकडे जायची आणि मला वाटायचं, मी अजून झाडच आहे आणि पानांतून वारा चालला आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर मंजुळाबाई होती. मेहकरकडच्या खेड्यातली म्हातारी. पोटाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोलत नव्हती, खात नव्हती. डॉक्टरही काळजीत पडले होते.

त्या पहाटे चांगुणा माझ्यावर बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होती. हात गोल गोल फिरत होता. लहानपणापासून याच वेळेला जात्याचा खुंटा धरून फिरलेला हात तो. हात फिरला आणि ओठांतून आपोआप ओवी आली.

"दाण्यामागं दाणा गेला, रात सरली जात्यावरी
माझ्या बंधवाची बैलं, निघाली गं शेतावरी"

मंजुळाबाईने डोळे उघडले. "अवं, मले उठवलं काऊन नाही? सारं दयण राह्यलं ना!" असं म्हणत, दळण राहिल्याच्या घोरात ती एकदम उठून बसली आणि पाय खाली सोडले. पोटाचे टाके ओले होते हो! चांगुणाने पट्टी टाकली, धावत जाऊन म्हातारीला कवेत घेतलं आणि अलगद माझ्यावर बसवलं. मी चारी पाय रोवून उभा राहिलो.

"दयण झालं माय," चांगुणा तिच्या कानाशी म्हणाली. "म्या उरकलं सारं. तू फक्त चाखून पाह्य, कसं आलं ते."

आणि तिने उशाशी ठेवलेली ज्वारीच्या कण्यांची पेज तिच्या ओठांना लावली. म्हातारीने घोट घेतला. दुसरा घेतला. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "जराकसं भरड आलं." आणि सगळी वाटी संपवली.

दारात सत्यभामाबाई उभ्या होत्या. चांगुणाचा चेहरा उतरला. खोलीत गाणं म्हटलं, रोगी उठून बसला, आता नोकरी गेलीच! पण सिस्टरांनी आधी म्हातारीचे टाके तपासले आणि मग एवढंच म्हणाल्या, "उद्या तुला ड्युटी मागायची आहे. नीट विचार कर."

दुसऱ्या दिवशी सासू सोबत आली. सून काय मागते यावर नजर ठेवायला, दुसरं काय! सिस्टरांनी विचारलं.

"मले पहाटची द्या बाई."

"अन् भाकऱ्या?" केसरबाई कडाडली. "लेकरू माहं उपाशी जाईन का जिनात?"

"आत्याबाई, रातची मले झोप आवरत नाही. दुपारी मी अर्धीच असतो. एक पहाटेच मी पुरी जागी असतो. दुसरी मागितली त नोकरी टिकणार नाही माही."

केसरबाई माझ्यावर बसली. मग खाली बघून म्हणाली, "गावात चक्की आली तवापासून जातं कोपऱ्यात पडलं. पण माही झोप काही वापस आली नाही. रोज त्याच वक्ताले डोये उघडतात, अन् छपराकडे पाह्यत पडतो. बुढे, तू काऊन जागी, असं कोणी विचारलं नाही मले. जाय तू. भाकऱ्या मी टाकतो."

चांगुणाने तिचा हात धरला. सिस्टर खिडकीकडे वळल्या आणि उगाच पडदा सारखा करू लागल्या.

मित्रांनो, आता दवाखान्यात लोखंडी खुर्च्या आल्या आहेत आणि मी मागच्या ओसरीत पडून असतो. माझी तक्रार नाही, स्वप्नं बघायला जागा बरी आहे. पण एक मागणं आहे. तुमच्याही घरात कोणीतरी रोज सगळ्यांच्या आधी जागं होऊन नुसतं पडून राहत असेल. उद्या त्यांच्याजवळ जाऊन बसा, आणि तुम्ही जागे का, एवढं विचारा.