हिरव्याला दोन टाके

"इसमें क्या लिखा है, बेटे?"

"कुछ नहीं, सर. सिर्फ बिंदियाँ हैं."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या मधुमतीला त्या ठिपक्यांतला पंचेचाळीसचा आकडा लख्ख दिसत होता. तिचे ओठ हलले, तसे डॉक्टर निगम म्हणाले, "बहनजी, आप मत बताइए."

पृथ्वीराज तिचा मुलगा, वीस वर्षांचा. हवाई दलाची लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत तो अडकला. रंग ओळखण्यात दोष, असं कागदावर लिहून आलं. काहीतरी चूक झाली असेल, या आशेने मायलेक लखनौच्या कपूरथला भागातल्या या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे आले होते. दहा पानं उलटून झाली आणि आशा संपली.

"जन्म से है. इसका इलाज नहीं," डॉक्टर म्हणाले. कागदावर त्यांनी दोन उभ्या रेघा ओढल्या. हे आईचे दोन एक्स. एक चांगला, एकात खोट. बाईचं चांगल्या एकावर निभतं. तिला पत्ताही लागत नाही, ती नुसती वाहक. मुलाला मात्र आईकडून एकच एक्स मिळतो, वडिलांकडून वाय. खोट असलेला वाट्याला आला की ती झाकायला दुसरा नाही. "आधा-आधा चांस था. आपके पिताजी को भी ऐसा था क्या?"

नाही म्हणता म्हणता मधुमती थांबली. तिला अण्णा दिसले, सांगलीच्या पोस्टातले. टोमॅटो पिकला का ते बोटाने दाबून बघणारे. एकदा आई माहेरी असताना एका पायात तपकिरी अन् दुसऱ्यात हिरवा मोजा घालून कामावर गेलेले. सगळं घर त्यांना वेंधळे म्हणायचं. आईने मात्र कधीच म्हटलं नाही.

महानगर भागातल्या घराकडे रिक्षा निघाली. मग पृथ्वीराज म्हणाला, "आई, तुम्हें पता था?" मराठी त्याला सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं.

"नाही रे, देवाशपथ." पण बोलता बोलताच तिला आठवलं. लहानपणी त्याचे खडू ती ओळीने लावून द्यायची. लाल वही घे असं न म्हणता वरची वही घे म्हणायची. कधी ठरवून केलं नव्हतं. तिची आई अण्णांशी तसंच बोलायची, एवढंच. "तू चुकायच्या आधीच मी सांगत आले, बाळा."

"इसीलिए तो किसी को पता नहीं चला."

"अण्णांचं हे माझ्याकडूनच आलं तुला."

तो रस्त्याकडे बघत राहिला. चौकात रिक्षा थांबली, तेव्हा तिच्या खांद्याला खांदा लावून म्हणाला, "नाना ने भेजा था. तुम तो बस डाकिया थीं."

मधुमती रडता रडता हसली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

घरी येऊन तिने ट्रंक उघडली. अण्णा गेल्यावर त्यांचे लोकरीचे मोजे तिने आठवण म्हणून आणले होते. आज पहिल्यांदा ते उलटे करून पाहिले. काठाच्या आत पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके होते. तपकिरीला एक, हिरव्याला दोन. आईला हे शिवताना तिने कितीदा पाहिलं होतं आणि रफू समजून सोडून दिलं होतं. चौथी शिकलेल्या त्या बाईला एक्स आणि वाय माहीत नव्हते. नवऱ्याला मोज्यांवरून पुन्हा कुणी हसू नये, एवढं माहीत होतं. मधुमतीने मोजे कपाळाला लावले.

जुलैत पृथ्वीराज पुढच्या शिक्षणासाठी कानपूरला निघाला. आदल्या दुपारी ती त्याचे मोजे घेऊन खिडकीशी बसली होती. तो जवळ आला आणि त्याने तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"वहाँ तुम थोड़ी रहोगी. हरे में कितने?"

"दोन."

तिने हिरवा मोजा निवडून त्याच्या हातात दिला. जीभ दातांत धरून त्याने टाके घातले. एक लांब, एक तिरका. उसवून नीट घालावेत, असं तिच्या हाताला फार वाटलं. पण तिने दोरा तेवढा तोडून दिला आणि पुढचा मोजा काढला. हा कुठला, ते या खेपेला त्यालाच विचारू दिलं.