छातीतली शिट्टी

पिठाच्या गिरणीसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दवाखान्यातून तशीच पळत आलेली नर्स कोपरांनी वाट काढत आत घुसली आणि जागीच थिजली. तिचा धाकटा भाऊ, गिरणीतला हमाल, उघड्या अंगाने खाली बसवलेला होता. त्याचे हात मागून त्यांच्या आईनेच धरले होते. समोर भुतं उतरवणारा फुंकरबाबा कातडी पट्टा परजत होता.

"ऐका! छातीत शिट्टी वाजते ना? भाडेकरू बसलाय आत, तोही फुकट्या! आता बघा कसा सामानासकट काढतो!"

सपकन पट्टा बरगड्यांवर बसला. मग नाकाशी धुरी, मग पुन्हा पट्टा. कातडी फाटली, रक्त पोटावर ओघळलं. आई हुंदके देत होती, पण हात सोडत नव्हती. पोरगा वाचावा एवढंच तिला हवं होतं.

अचानक शिट्टी थांबली. बाबाने छातीला कान लावला. "गेला!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

नर्स पुढे धावली. भावाचे ओठ निळे पडले होते. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. "बोल रे काहीतरी!"

"ता..." पुढचं अक्षर फुटेना.

तिने गळ्यातला स्टेथोस्कोप त्याच्या पाठीवर टेकवला. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. कुठेच आवाज नाही.

"अहो, हा मरतोय! हातगाडी आणा!"

"ए बाई, विटाळ करू नकोस!" पट्टा तिच्या कानशिलावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी तिने भावाला सोडलं नाही. शेवटी दोन हमालांनाच राहवलं नाही. त्यांनी बाबाला ढकलून गाडी पुढे घातली.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. नर्सने ऑक्सिजन लावला, मास्कमधून औषधाची वाफ सुरू केली. आई आणि तिच्यामागे गर्दी दारात येऊन ठेपली. बऱ्याच वेळाने छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली.

"परत आलं!" लोक मागे सरले. बाबा पट्टा घेऊन आत घुसला. "विधी अर्धवट टाकून त्याला उठवलंत, भोगा आता!"

नर्स मात्र रडता रडता हसत होती. तिने एक रबरी हातमोजा फुगवला आणि त्याचं तोंड ताणून हवा सोडली. मोजा किंचाळला. मग तिने तोंड घट्ट आवळलं. आवाज बंद.

"भूत गेलं का? नाही, हवा अडली. फुप्फुसात नळीला फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी बारीक फांद्या. पिठाच्या धुळीने त्या आवळल्या की शिट्टी वाजते. या बाबाच्या धुरीने त्या पुरत्या मिटल्या आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात! आता शिट्टी परत आली, म्हणजे हवेला वाट मिळतेय."

आई आपल्या हातांकडे बघत राहिली. "मी धरलं होतं गं त्याला..." तिने झेप घेऊन पट्टा हिसकावला आणि बाबाच्या तोंडावर ओढला. नाकातून रक्ताची धार लागली. तिने पुन्हा हात उगारला, तेव्हा नर्सने तो धरला.

"पुरे, आई. मारून कुणाच्या अंगातलं काही निघत नाही, याच्याही नाही. याचं काय करायचं ते पोलीस बघतील." मग ती दाराकडे वळली. "आणि तुम्ही! दम लागलेल्या माणसाला दवाखान्यात आणा. आवाज थांबला म्हणून हुरळू नका. श्वास चालतोय का, ते आधी बघा."

भावाने मास्क जरा बाजूला केला.

"ताई, आईला पाणी दे."

अख्खं वाक्य, एका दमात.