सलामीचे बारीक तुकडे

सलामीच्या, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या, चकतीचे आधी चार, मग आठ आणि आता सोळा तुकडे करून नवरा ते सुरीच्या टोकाने ताटलीत सरकवत होता. तिने हातातला डाव ओट्यावर आपटला.

“अहो, साडेबारा वाजले. एकला आई येईल. हे सॅलड गार कधी व्हायचं?”

“होतंय.”

हे ‘होतंय’ ती सव्वीस वर्षं ऐकत होती. नवरा घड्याळजी. अख्ख्या गल्लीची घड्याळं वेळेवर चालवली, स्वतः मात्र कुठे म्हणून वेळेवर पोचला नाही. दुकान बंद केल्यापासून ती कारागिरी स्वयंपाकघरात आली होती. काकडी सोलून, बिया काढून तिचा पार चुरा केला होता. ढोबळी मिरची कच्ची घालायची सोडून भाजत बसला. पास्ता काढा म्हणून तिने दोनदा बजावलं, तरी पाच मिनिटं जास्तच उकळू दिला. आता चाळणीत, गार पाण्याच्या धारेखाली, ते पास्त्याचे शंख अगदी ढेपाळून पडले होते.

“लगदा झालाय नुसता! आज तरी माझं ऐकायचं होतं.”

“तेल दे जरा,” तो म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला. आजच्या जेवणावर तिचा जीव टांगणीला लागला होता. आईला आता स्वतःच्या घराचे तीन मजले चढवत नव्हते. तिने इथेच राहायला यावं म्हणून दोन महिने मनधरणी चालली होती, आणि आज ती काय ते सांगणार होती. अडचण जावयाची. वडील गेल्यावर आईने त्यांचं मनगटी घड्याळ जावयाकडे दुरुस्तीला दिलं, त्याने ते उघडलं, आणि ते पुन्हा चाललं नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघं एका टेबलावर बसून एकमेकांशी तिच्यामार्फत बोलत. ‘मीठ हवंय म्हणावं.’ ‘घ्या म्हणावं.’ तिला या टपालकीचा वीट आला होता.

सगळं कालवून, लिंबू पिळून तिने वाडगा फ्रिजमध्ये कोंबला, तोच बेल वाजली.

“तुकडे फार बारीक झालेत गं आई,” वाढताना ती पुटपुटली. “ह्यांना सांगून उपयोग नाही.”

आईने एक चमचा खाल्ला, थांबली, मग दुसरा घेतला. ओठ मिटून, पुढच्या दातांनी, सावकाश. लेक बघत राहिली. मागचे दात कधी गेले हिचे? मागच्या खेपेला ‘भूक नाही’ म्हणून आईने ताट तसंच सारलं होतं. त्याच्या आधीच्या खेपेलाही. ताटं नेहमी नवराच उचलून आत न्यायचा. त्यांत काय उरलंय, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

नवरा मान खाली घालून मिठाची बाटली टेबलाच्या कडेला समांतर लावत होता.

आईची बशी रिकामी झाली.

“अजून आहे का?”

तिने सवयीने मान वळवली. “अहो, आई विचारतेय...”

“तुला नाही विचारलं,” आई म्हणाली, आणि बशी तिच्यासमोरून पलीकडे, जावयापुढे धरली.

“आहे ना, आई,” तो म्हणाला, आणि उठायला त्याने जराही वेळ लावला नाही.