मी जाळलेली ओळ

मी एक जुने भिंग आहे. पितळी कड, लाकडी मूठ आणि काचेच्या डाव्या अंगाला एक बारीक चरा. मित्रांनो, तो चरा मी अगदी नवे असताना पडला, त्यामुळे मला तो जन्मखुणेसारखाच वाटतो.

चष्मेवाल्याच्या दुकानात माझी काच घासून तयार झाली. एक घड्याळजी मला न्यायला आला होता, पण घासाघीस करत बसला. तेवढ्यात एक प्राध्यापिका आल्या आणि मला उचलून घेऊन गेल्या. घरी त्यांची एकुलती एक मुलगी त्यांना आई म्हणायची. मीही मनातल्या मनात आईच म्हणू लागले.

आईच्या हातात एक पुस्तक सारखे असे. आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या लेखकांच्या लघुकथांचे. त्या कथांमध्ये माणसे काय काय हरवतात, हे ती वर्षानुवर्षे शिकवत होती. समासात पेन्सिलीने 'ह' लिहायची. घर हरवले, ह. बोली हरवली, ह. मूल हरवले, तरी तेवढाच लहान ह. पुस्तकातली अक्षरे मुंगीएवढी. मी त्यांचे मुंगळे करून दाखवायचे.

एका कथेत धरणासाठी गाव उठते. एक म्हातारा आपल्या घराचे दार पाठीवर घालून नव्या वस्तीत आणतो. तिथल्या चौकटीत ते बसत नाही. तो ते भिंतीला टेकवून ठेवतो आणि रोज पुसतो. ती कथा संपली की आई मला पालथे ठेवायची आणि म्हणायची, "हरवलेलं परत येत नाही. पण बघ, माणसं त्याची जागा झाडून-पुसून ठेवतात."

हे ती कुणाला म्हणायची? खोलीत तर मीच असायचे.

मावशी यायची तेव्हा डोक्याला हात लावायची. "ताई, जगातल्या हसऱ्या गोष्टी संपल्या का गं?"

"तुला बघितलं की येतंच की हसू," आई म्हणायची. "त्यासाठी पुस्तक कशाला?"

ती माझी सुखाची वर्षे होती. मग आईच्या डोळ्यांपुढचा मधला भाग अंधारत गेला. मी जीव तोडून अक्षरे मोठी केली, पण उपयोग झाला नाही. एके दिवशी मुलगी म्हणाली, "आण इकडे, मी वाचते." माझी रवानगी खिडकीजवळच्या टेबलावर पेनांच्या डब्यात झाली, मूठ खाली आणि काच वर.

मित्रांनो, खरे सांगते, माझा तिळपापड झाला. मी एकेक शब्द मोठा करून दाखवलेले पुस्तक ती धडाधड वाचत सुटायची आणि आई डोळे मिटून ऐकायची. मुलीचा तो आवाज म्हणजे माझी सवतच! त्यातून ती खोटे वाचायची. मला सगळे शेवट ठाऊक होते. तिच्या वाचण्यात म्हाताऱ्याचे दार थोडे तासल्यावर नव्या चौकटीत बसले. दुःखाची चाहूल लागली की ती पानावरचे डोळे उचलायची आणि पुढचे मनाने सांगायची. खरा शेवट ती स्वतःसुद्धा वाचत नसे.

शेवटची कथा एका बेटावरच्या शिंपिणीची होती. तिची लहान मुलगी बोटीने दूरच्या थंड शहरात जाते. आई दर वर्षी अंदाजाने एक माप वाढवून तिच्यासाठी फ्रॉक शिवते. सात फ्रॉक होतात आणि परक्या अक्षरातले पत्र येते. आमच्या घरातल्या मुलीने पत्र आल्याचे वाचले, पानावरचे डोळे उचलले आणि म्हणाली, "मग ती मुलगी परत आली. सातवा फ्रॉक तिला अगदी बरोबर बसला."

"बरं झालं," आई म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. मावशी आली होती. मुलगी पुस्तक टेबलावर तसेच उघडे टाकून दाराकडे गेली. खिडकीतून दुपारचे ऊन आले आणि माझ्यातून थेट त्या पानावर पडले. मी सरकू शकत नव्हते, हे खरे. पण सरकावेसे वाटलेही नाही, हे त्याहून खरे. तो पांढरा ठिपका तपकिरी झाला, धूर निघाला आणि सूर्य सरकला तसा तो शेवटच्या ओळीवरून सरकत गेला.

"काहीतरी करपतंय गं," आई म्हणाली. मुलगी आणि मावशी स्वयंपाकघरात धावल्या. गॅस बंदच होता. तोवर ढग आला. नंतर मुलीने न बघताच पुस्तक मिटले.

पुढे आईने अंथरूण धरले. एका सकाळी ती म्हणाली, "शिंपिणीची गोष्ट वाच. पण आता लिहिलंय तशी."

पुस्तक घ्यायला उठलेली मुलगी मागे वळली. "तुला माहीत होतं?"

"पंचवीस वर्षं शिकवली गं ती गोष्ट."

"मग बोलली का नाहीस?"

"खरे शेवट मला पाठ होते. तुझे नवे होते." आई हसली. "आणि तुला त्यांची गरज होती. पण आता माझ्याकडे वेळ थोडा आहे. वाच."

मुलगी वाचू लागली. पत्र आले, शिंपिणीची मुलगी तिकडेच वारल्याचे. या वेळी तिने डोळे उचलले नाहीत. आणि अडखळली. "आई, इथे भोक आहे."

"पुन्हा सुरू केलंस?"

मुलीने आईचे बोट धरून जळक्या कडेवर ठेवले. आईने ते भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपले. मुलीने खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "याचं काम आहे हे!"

"त्याला कशाला बोलतेस? उन्हात कुणी ठेवलं होतं?" मग आई हळू म्हणाली, "लक्ष दे, एकदाच सांगते. आठवा फ्रॉक तिने सातव्याच मापाचा शिवला."

मुलीने ती ओळ तिच्यामागून म्हटली. दोनदा.

त्यानंतर सव्वीस दिवसांनी आई गेली.

मावशी म्हणाली, "त्या भोकावर कागद चिकटव आणि ओळ लिहून टाक." मुलगी म्हणाली, "नको मावशी. असू दे ती जागा." आता ती रविवारी आईच्या खुर्चीशेजारी बसून मोठ्याने वाचते, लिहिले आहे तसे. शेवटच्या पानावर मला भोकावर धरते. माझ्यातून जळकी कड मोठी दिसते आणि मधून मागचा पुठ्ठा. मग ती ओळ म्हणते, अगदी आईसारखी, शेवटच्या शब्दाला आवाज उतरवून.

त्या वेळी मला अजूनही हेवा वाटतो. छापलेली ती ओळ सगळ्यांत शेवटी पाहिली मी, पण आईच्या तोंडून मिळाली तिला. म्हणून सांगते, मित्रांनो, भिंग उन्हात ठेवू नका. आणि आपल्या माणसाला पाठ असलेली ओळ त्याच्याकडून वेळेत ऐकून घ्या. कागदाचा भरवसा नसतो. माझ्यासारख्याचा तर मुळीच नसतो.