खालच्या पायरीचा खराटा

मित्रांनो, मी एक जुना खराटा आहे. बेथलेहेमजवळच्या एका गावात, पवित्र गुहेवरच्या चर्चच्या दाराशी मी खिळ्याला टांगलेला असतो. मला तक्लाबाईने बांधले. डोंगरावरच्या काटेरी झुडपाच्या काड्या, ऑलिव्हचा दांडा आणि तिच्या फाटक्या झग्याची लाल चिंधी. तिचा नवरा जिरियस आमच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा पाद्री होता.

गुहा आमची आणि शेजारच्या लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, मठाची, दोघांची. इथली रीत अशी, की जागा जो झाडतो त्याचा तिच्यावर हक्क. दारासमोरून गुहेकडे उतरणाऱ्या पायऱ्यांतली खालची पायरी आमची. तक्ला ती रोज झाडायची आणि झाडून झाले की तिथेच टेकायची.

एका हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. जिरियस तिच्या उशाशीच बसून राहिला. तेव्हा मठातल्या अन्सेल्मो नावाच्या भल्या साधूने आपल्या झाडूने आमची पायरी झाडून दिली. जिरियस म्हणाला, "बाबा, उपकार झाले."

तक्ला गेली. पुढे या विधुर पाद्र्याला बिशप केले, सारे त्याला 'सय्यदना', म्हणजे 'आमचे स्वामी', म्हणू लागले. आणि एक दिवस मठाचे प्रमुख दारात येऊन उभे राहिले.

"ही पायरी आम्ही झाडली. तुम्ही आभारसुद्धा मानलेत. म्हणजे ती आमची."

माझ्या काड्या संतापाने ताठ झाल्या.

"माझ्या घरात माणूस मरत होतं," सय्यदना कडाडले, "आणि तुम्ही केर काढल्याचा हक्क सांगता? तो शेजारधर्म होता की सापळा?"

"मी नुसती मदत केली हो, सय्यदना," अन्सेल्मो पुटपुटला.

"तू गप रे! झाडलीस की नाही, तेवढं सांग," प्रमुख खेकसले.

इथे राज्य तुर्कांचे. त्यांचा अंमलदार आला. दोघांचे ऐकून वैतागला. "निकाल लागेपर्यंत पायरीला कुणी झाडू लावायचा नाही. हा खराटा खिळ्यावरून हलला, तर पायरी मठाची!"

निकाल लागलाच नाही. पायरीवर कबुतरांची घाण, मेणाचे थेंब, कलिंगडाच्या बियांची टरफले साचली. यात्रेकरू तिचे चुंबन घ्यायला वाकत आणि नाक धरून उठत. आणि मी धडधाकट, वर टांगलेला! राग येणार नाही तर काय?

तक्लाच्या स्मरणदिनी सय्यदना, मृतांच्या नावाने वाटतात ते उकडलेले गोड गहू वाटून आले. त्यांनी माझ्याकडे हात नेला, लाल चिंधीला बोट लावले आणि हात मागे घेतला. मग नवा काळा झगा न सावरता ते त्या घाणीतच बसले, तक्ला बसायची तिथेच.

प्रमुख धावत आले. "अहो, झग्यानं पुसताय तुम्ही! हे झाडणंच झालं!"

"बसलोय. बसायला मनाई आहे का? माझी बायको इथंच बसायची. जा, आणा अंमलदाराला!"

प्रमुख पाय आपटत मठाकडे वळले. त्यांच्यामागून आलेल्या अन्सेल्मोने हसू दाढीत लपवले.

तेव्हापासून सय्यदना रोज बसतात. पायरीवर एका माणसापुरती जागा स्वच्छ आहे; बाकी केर तसाच.

मित्रांनो, कुणाच्या दुःखात केलेल्या मदतीवर कधी हक्क सांगू नका. आणि ज्या जागेसाठी भांडता, ती निदान झाडा. माझ्या काड्या अजून मजबूत आहेत. मला कुणीतरी खाली काढा.