ब्रोगनला ओळखणारा माणूस

खुनी आज चौथ्या दिवशीही त्याच झुडपाआड उभा होता, आणि ब्रोगन त्याच्यासाठी चहा घेऊन गेली.

"दोन चमचे साखर घातलीय," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलत नाही म्हणून अंदाजाने घातली. चालेल ना, साहेब?"

खुन्याने एका हाताने कप घेतला. दुसऱ्या हातात हातभर लांबीचा सुरा होता, तो त्याने पाठीमागे धरलेला. आता तोंडावरची जाळी वर कशी करायची आणि चहा प्यायचा कसा, या पेचात तो पडला. जाळीचं नवल नव्हतं. ऑगस्टमध्ये नॉर्थम्बरलंडच्या रानात चिलटं अशी येतात की पाद्रीबुवासुद्धा तोंडाला जाळी बांधून प्रार्थना उरकतात.

"ब्रोग, चल ना," मागच्या दगडी कुंपणावर बसलेला मकॉले म्हणाला. "तो खुनी आहे. आईशप्पथ."

"तू दातांच्या डॉक्टरलाही खुनी म्हणाला होतास."

"त्याचा संशय मला अजून आहे."

ब्रोगन हॅलिमंड पंधरा वर्षं अकरा महिन्यांची होती. टाइन नदीकाठच्या एका बालगृहातून तिला, मकॉलेला, टेगनला आणि आणखी एका मुलाला सहा दिवसांसाठी या रानातल्या वसतिगृहात आणलं होतं. पूर्वी अशा पोरांना सरळ वाया गेलेली म्हणत. आता 'गुंतागुंतीच्या गरजा असलेली' म्हणतात, आणि वागवतात तसंच. मकॉले गाड्या पळवायचा. टेगन शाळेतून पळायची. ब्रोगनने एका शिक्षकाच्या डोक्यात खुर्ची घातली होती. तो शिक्षक तिच्या धाकट्या भावाला काय बोलला होता, हे फाइलमध्ये नाही. खुर्ची मात्र आहे, तिच्या रंगासकट.

खुन्याने ही पोरं का निवडली, ते उघड आहे. मारायचंच का, ते मात्र मला विचारू नका. तसल्या माणसाला कारण लागत नाही. त्याने हिशोब केला की असल्या पोरांची कुणाला पडलीय? मेली तरी कोण रडणार? तिथे गडी चुकला. या पोरांची कुणाला पडलेली नसते हे अगदी खरं, पण दर अर्ध्या तासाला त्यांना मोजतात. झोपली, उठली, संडासला गेली, परत आली, सगळी नोंद. न मोजलेली माणसं एकच, ती म्हणजे त्यांना सांभाळणारी. सोमवारी पीअर्स नावाचा गिर्यारोहणवाला तरुण 'पुढची वाट बघून येतो' म्हणून गेला आणि खुन्याच्या हाती लागला. मंगळवारी इमोजेन नावाची मनःशांतीवाली बाई एकटीच दवात अनवाणी चालायला गेली. सहलीची प्रमुख लॉरेन चार्लटन हिने नोंदवहीत दोघांच्या नावांपुढे एकच शेरा मारला: 'तणावामुळे अचानक रजा.' पुढच्या रकान्यात 'पुन्हा एकदा' लिहिलं आणि बटाटे सोलायला बसली. या कामावरची माणसं अशीच जातात, तिला सवय होती.

पीअर्सचं गळ्यातलं ओळखपत्र खुन्याने आठवण म्हणून घेतलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं. आमच्या देशात गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस कुठल्याही झुडपात कितीही वेळ उभा राहू शकतो. त्यावरचा फोटो बघायला कुणाच्या बापाला वेळ आहे?

ब्रोगनने ओळखपत्र पाहिलं आणि तिला वाटलं, हाच आपला नवा माणूस. बालगृहात प्रत्येक मुलाला एक माणूस नेमून देतात. त्याने मुलाशी बोलायचं, मुलाला ओळखायचं, बैठकीत मुलाच्या बाजूने उभं राहायचं. ब्रोगनला आजवर अकरा माणसं नेमली होती. शेवटचा तिला पाच आठवडे 'ब्रायनी' म्हणत होता. सगळे विचारायचे, "मग तुला कसं वाटतं?" आणि उत्तर येण्याआधी घड्याळ बघायचे. हा काहीच विचारत नव्हता. नुसता बघत होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, डोळ्यांची पापणी न लववता. इतकं लक्ष तिच्याकडे तिच्या सख्ख्या आईनेही कधी दिलं नव्हतं.

म्हणून ती त्याला सगळं सांगायची. मकॉले कुंपणावरून ऐकायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"हे बघा, उद्या शुक्रवार," ती आता म्हणाली. "उद्या माझी बैठक आहे. पुढच्या महिन्यात मी सोळाची होतेय, म्हणून मला दूर कार्लाइल शहरात एका खोलीत ठेवणार आहेत, एकटीला. आणि माझा भाऊ कोरी राहणार बालगृहातच. नऊ वर्षांचा आहे हो तो! त्याला बुटाची नाडीसुद्धा नीट बांधता येत नाही. मला चांगलं ओळखणाऱ्या एका मोठ्या माणसाने सांगितलं ना, की हिला भावाजवळ ठेवा, तर ठेवतात. नियमच आहे तसा. फक्त एक माणूस पाहिजे." तिचा आवाज जरा चिरकला, त्याचा तिला रागच आला. "तुम्ही याल ना?"

खुन्याने कप परत दिला. चहा तसाच होता. तिने तो 'हो' धरला.

शुक्रवारी अकरा वाजता बैठकीच्या अध्यक्ष मिसेस हिलरी पास्क शहरातून गाडी चालवत आल्या. जेवणाच्या खोलीतली लांब टेबलं सरकवून त्या बसल्या. समोर ब्रोगन, तिच्या शेजारी मकॉले, कारण पुढची बैठक त्याची होती.

"नेमलेला माणूस कुठाय?" मिसेस पास्कनी विचारलं.

"रजेवर," लॉरेन म्हणाली. "तणाव."

"मग मी कुणाचं ऐकू? त्याच्या मताचा रकाना रिकामा राहिला तर कार्लाइलचं पक्कं होतं. माझा इलाज नाही."

"तो आलाय!" ब्रोगन ओरडली. "बाहेर आहे. झुडपात."

खुनी खरोखरच आला होता. सहलीचा शेवटचा दिवस होता, चार दिवस वाट बघून त्याचा धीर संपला होता, आणि आज जे असतील त्या सगळ्यांना एकदमच कापायचं ठरवून तो सुरा जॅकेटात घालून दारापर्यंत पोचला होता. लॉरेनने दार उघडलं आणि त्याची बाही धरली.

"एजन्सीने बदली पाठवलेले ना तुम्ही? कुठे होतात हो चार दिवस! आधी इथे सही करा. नाव, वेळ, गाडीचा नंबर. बूट पुसा. बूट!"

आयुष्यभर लोक त्याला बघून किंचाळत आले होते. त्याच्यावर कुणी डाफरलं नव्हतं. त्याने बूट पुसले. वहीत 'ॲल्विन स्टॉब्ज' असं स्वतःचं खरं नाव लिहिलं, आणि खुर्चीवर जाऊन बसला.

"मिस्टर स्टॉब्ज," मिसेस पास्क चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही ब्रोगनला कितपत ओळखता?"

ब्रोगनने टेबलाखाली मुठी आवळल्या. बोल की रे बाबा, एवढं एकदाच बोल.

"पहाटे पाचला उठते," तो म्हणाला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला. "दाराची मूठ दोनदा फिरवून बघते. मग बाकीच्यांची दारं बघते. मग परत झोपते."

मिसेस पास्कनी पेन उचललं. "हे फाइलमध्ये कुठेच नाही."

"नाश्ता करत नाही. ताटात चमचा फिरवते, खाल्ल्यासारखं दाखवते. घाबरली की जोरात हसते. संध्याकाळी साडेसहाला टेकडीवर जाते, मोबाइल तिथेच लागतो. टेगनला बरोबर नेते. स्पीकर लावून भावाशी बोलते. तो रोज तेच सांगतो, कुणाच्या तरी कुत्र्याने चेंडू गिळला ते. ही रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते. फोन ठेवला की रडते. मग चिलटं चावली म्हणून डोळे लाल झाले असं सांगते."

"तेव्हा तुम्ही जवळ असता?"

"मागे असतो. झाडीत."

"अंतर राखून. उत्तम. मुलांना मोकळीक हवीच." मिसेस पास्क भराभर लिहीत होत्या. "अजून?"

ब्रोगनचे कान तापले होते. लाज वाटत होती आणि हरखायलाही झालं होतं. हे सगळं कुणीतरी पाहिलंय! आपण खरंच आहोत, कुणाच्या तरी डोळ्यांना दिसतो! तिला वाटलं, त्याने जेवणाच्या वेळेपर्यंत असंच बोलत राहावं.

"एकटी सापडत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"टेगन रोज चालताना मागे पडते. बूट चावतात तिला. मी म्हटलं, ही मिळेल. पण ब्रोगन थांबते. मंगळवारी ओढ्यापाशी थांबली, बुधवारी फाटकापाशी. काल पावसात अर्धा तास. मोठी माणसं पुढे निघून जातात, वळून बघत नाहीत. मोठी माणसं सोपी असतात." त्याच्या बोलण्यात कारागिराचा आदर होता. "ही असेपर्यंत त्या पोरांपैकी एकालाही हात लावता येत नाही. मी चार दिवस प्रयत्न केला."

मिसेस पास्कनी लिहिलं, 'इतर मुलांचं रक्षण करण्याची वृत्ती. अतिशय चांगली.'

ब्रोगनने त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यावर पीअर्स सगळे दात काढून हसत होता. जॅकेटच्या उजव्या बाजूला काहीतरी लांब, ताठ होतं. शेजारी मकॉले ओठ न हलवता पुटपुटत होता, "सांगितलं होतं. सांगितलं होतं तुला."

ती ओरडू शकत होती. ओरडली असती तर हे बोलणं खुन्याचं ठरलं असतं, कागद फाटला असता, रकाना रिकामा, आणि कार्लाइल. तिने मकॉलेचा हात घट्ट धरला. जाळीमागून खुनी तिच्याकडेच बघत होता. हिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

"मग तुमचं मत?" मिसेस पास्कनी विचारलं. "भावाजवळ ठेवावी?"

खुन्याने विचार केला. "भावाजवळ ठेवा," तो म्हणाला. "नाहीतर त्या पोरावर लक्ष कोण ठेवणार?"

मिसेस पास्कनी तारीख विचारली, पेन झटकलं, मताचा रकाना दोनदा वाचला. अखेर सही झाली. लॉरेनची झाली. तिसऱ्या रेघेवर ॲल्विन स्टॉब्जची झाली. ब्रोगनने आपली प्रत घेतली, चार घड्या घालून मोज्यात सरकवली.

मग म्हणाली, "मॅडम, पीअर्स रजेवर नाहीये. या माणसाने त्याला मारलंय. इमोजेनलाही."

"ब्रोगन," मिसेस पास्क थकून म्हणाल्या, "इतकी छान बैठक झाली. कर्मचाऱ्यावर आरोप करायचा तर त्याचा फॉर्म वेगळा आहे."

"मग द्या ना तो फॉर्म! आणि पोलिसांना बोलवा!"

लॉरेनने वसतिगृहाच्या लँडलाइनवरून पोलिसांना फोन केलासुद्धा. पलीकडच्याने विचारलं की तक्रार बालगृहातल्या मुलीची आहे का. 'हो' ऐकल्यावर तो म्हणाला, सोमवारी कुणालातरी पाठवतो. ते ऐकून मकॉलेने खिडकीतून उडी टाकली आणि बाहेरची मिसेस पास्कची गाडी घेऊन तो सुसाट सुटला. बालगृहातल्या पोराने गाडी पळवली म्हटल्यावर नऊ मिनिटांत पोलिसांच्या दोन गाड्या हजर! मकॉलेने त्यांना रानात एक चक्कर मारायला लावून बरोबर वसतिगृहाच्या दारात आणून सोडलं.

तोवर खुनी काय करत होता? फॉर्म भरत होता. मिसेस पास्कनी 'आरोप असलेल्या कर्मचाऱ्याची बाजू' नावाचा आठ पानी कागद त्याच्यापुढे सारला होता, आणि हातात पेन आलं की आमच्याकडचा माणूस, मग तो कुणी का असेना, आधी रकाने भरतो. सुरा त्याने कागद उडू नये म्हणून वर ठेवला होता. 'घटना स्वतःच्या शब्दांत लिहा' इथे तो पोचला होता, आणि जोडपत्र मिळेल का विचारत होता.

त्याला घेऊन गेल्यावर एका पोलीस बाईने ब्रोगनला बाजूला बसवलं. "तुला कळलं होतं तो कोण आहे ते. तरी एवढा वेळ गप्प का बसलीस गं? त्याने तुम्हा सगळ्यांना मारलं असतं!"

"माझ्याबद्दल बोलत होता तो," ब्रोगन म्हणाली. "असं कुणी कधी बोललं नव्हतं."

पोलीस बाईने हे लिहून घेतलं नाही.

निर्णयाचं काय करायचं, यावर मिसेस पास्कनी वरच्यांना विचारलं. वरून उत्तर आलं की निर्णय फिरवायचा असेल तर नवी बैठक घ्यावी लागेल, आणि त्या बैठकीला मुलीला चांगलं ओळखणारा दुसरा कुणी मोठा माणूस लागेल. त्यांनी सगळीकडे शोधलं. असा कुणी सापडला नाही, तेव्हा निर्णय कायम राहिला.

साडेसहाला ब्रोगन टेगनला घेऊन टेकडीवर गेली.

"राहणार तू?" कोरी फोनवर ओरडला. "खरंच? कोण बोललं तुझ्या बाजूने?"

"होता एक नवा माणूस."

"त्याला सगळं माहीत होतं तुझं?"

"सगळं."

"माझी बैठक ऑक्टोबरात आहे," कोरी म्हणाला. "मला नेमलेला माणूस परवा सोडून गेला. हा येईल का माझ्यासाठी?"

"नाही रे. त्याला नेलं."

"मग माझ्याबद्दल कोण सांगणार?"

ब्रोगनने मोज्यावरून हात फिरवला, कागद जागेवर होता. तिला मोठं व्हायला अजून दोन वर्षं होती आणि नियमाप्रमाणे तिचं बोलणं कुणी ऐकलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी येईन," ती म्हणाली.