गुलाबी पाणी

व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाई माझ्या धाकट्या भावाला घरी सोडताना म्हणाल्या होत्या, "गर्दपासून तो लांब राहील. तुमच्या संशयाचं तेवढं बघा." मला राग आला होता. मी कुठे संशय घेते? मी फक्त काळजी करते. त्याच्या खिशांची, डोळ्यांची, बाथरूममध्ये लागणाऱ्या वेळाची.

गर्द सोडून त्याला चौदा महिने झाले. तो शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि कामावरून आला की माझ्या आठ महिन्यांच्या बाळाला खेळवतो. अशात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाणीवाले महाराज अवतरले. काचेच्या वाडग्यात हात बुडवायचा. अंगात नशा लपली असेल तर पाणी गुलाबी होतं म्हणे. "माणूस खोटं बोलतो, पाणी नाही," महाराज सांगत, आणि रांगेतल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत.

मीही भावाला आणि बाळाला घेऊन गेले. दारात शिष्य प्रत्येकाची मायेने चौकशी करत होता. घरात कुणाची काळजी वाटते का, ताई? मी हळूच भावाकडे बोट दाखवलं. हात पुसायला सगळ्यांना ओले नॅपकिन मिळाले, भावाला मात्र वेगळ्या डब्यातला. त्याचे हात तेलकट म्हणून असेल, असं मी धरून चालले.

हात पुसून, नॅपकिन माझ्या पिशवीवर टाकून, बाळ कडेवर असतानाच त्याने हात बुडवला. पाणी गुलाबी झालं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पर्स पोटाशी धरली. मी बाळ त्याच्याकडून काढून घेतलं. तो निघून गेला.

महाराज मला एकवीस बैठकांचा उपाय समजावू लागले. बाळाचे हात लाळेने माखले होते, ते मी पिशवीवरच्या त्याच नॅपकिनने पुसले. तेवढ्यात बाळ झेपावलं आणि त्याने नव्या वाडग्यात थपकन हात मारला. पाणी गुलाबी.

महाराज जरा अडखळले. मग म्हणाले, "पूर्वजन्मीची सवय."

"दात यायच्या आधीच?" मागून एक आजोबा म्हणाले, आणि हॉलभर हसू पसरलं.

मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. तिथेही एक रंगहीन द्रावण सोडा लागला की असंच गुलाबी व्हायचं. बाळाचे हात नळाखाली धुतले आणि तो नॅपकिन शिष्यापुढे धरला. तो हात मागे लपवू लागला, तर शेजारच्या सुतारदादांनी त्याचा हात त्याच नॅपकिनने पुसून ताज्या वाडग्यात बुडवला. गुलाबी. पाण्याला नशेतलं काही कळत नव्हतं. घरचे ज्याच्याकडे बोट दाखवतील, त्याच्या नॅपकिनला सोडा. महाराजांची दिव्यदृष्टी आम्हीच पुरवत होतो.

भावाचा फोन बंद. असा दुखावलेला माणूस कुठे कुठे वळू शकतो, ते सगळे कोपरे मला पाठ होते. धावत त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तो मशीन उघडून बसला होता. मी सगळं सांगितलं.

"गर्दच्या नादाला मी लागलो, ते माझं. रोज निस्तरतोय," तो मान वर न करता म्हणाला. "बोट तुझं होतं, ताई."

मी बाळ त्याच्यापुढे धरलं. त्याने आधी हात स्वच्छ धुतले, मग घेतलं.

माणूस सावरतोय की नाही हे कुठल्याच पाण्याला कळत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं. तुमच्या माहितीत असं कुणी असेल, तर आजच फोन करा. कसा आहेस, एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.